कुनुनुरा: ऑर्ड नदीचं पाणी, चंदन आणि बंद पडलेली हिऱ्यांची खाण

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरापासून पश्चिम ऑस्ट्रेलियातलं कुनुनुरा गाव साधारण ८३० किलोमीटर. वाटेत कॅथरिनला टाकी फुल करा, टिंबर क्रीकला परत भरा. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, गुरं आणि कांगारू सरळ रस्त्यावर येतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या हद्दीवर नाका लागतो. तिथे ताजी फळं, भाजी, मध काढून घेतात, तेव्हा कढीपत्ता, मिरच्या, लिंबं आधीच संपवा. घड्याळही दीड तास मागे घ्यावं लागतं.

बहुतेक पर्यटक इथून बंगल बंगलचे डोंगर बघायला पळतात. माझं ऐकाल तर एक सकाळ शेतांसाठी ठेवा. ऑर्ड नदीचं पाणी शेतांकडे वळवणारा बंधारा १९६३चा, मोठं धरण १९७२चं. त्यामागच्या लेक अर्गाइलमध्ये तीन कोयना मावून वर जागा उरेल. पाणी एवढं, पण शेती कितीदा बसली! भातावर रानहंसांचे थवे उतरले. कापूस अळीने खाल्ला, १९७४ मध्ये तो सोडूनच दिला. ऊस पिकत होता, तर २००७ मध्ये साखर कारखाना बंद. बाजारपेठ हजारो किलोमीटर लांब असल्यावर नुसतं धरण काय करणार? आता आंबा, खरबूज, चिया, पुन्हा कापूस आणि चक्क आपलं चंदन. चंदनाच्या ओळींत मुद्दाम दुसरी झाडं लावलेली दिसतात, कारण चंदन मुळांनी त्यांच्यातून अन्नपाणी ओढतं. पाटाच्या काठावरून वाकवलेल्या सायफनच्या नळ्यांनी सरीत पाणी उतरतं, पंपाची खटखट नाही. शेतं खासगी आहेत, रस्त्यावरूनच बघा.

अर्गाइलची हिऱ्यांची खाण नोव्हेंबर २०२० मध्ये बंद झाली. नाव गाजलं गुलाबी हिऱ्यांमुळे, पण बहुतेक माल बारीक आणि तपकिरी. तो पैलू पाडायला भारतात यायचा. आता बंगल बंगलच्या विमानफेरीत वरून खड्डा दिसतो, तेवढाच. गावातल्या सराफांकडे गुलाबी खडे ठेवलेले असतात. भाव विचारायला पैसे पडत नाहीत!

बंधाऱ्याखाली आयव्हनहो क्रॉसिंगला, म्हणजे नदीपात्रातून जाणाऱ्या रस्त्यावर, लोक गळ टाकून बसलेले असतात. ते बघून पाण्यात पाय सोडू नका, खाऱ्या पाण्यातल्या मोठ्या मगरी तिथवर येतात. मिरिमाचे लाल खडक गावाला लागूनच आहेत, तिथे उन्हं कलल्यावर जा आणि पाणी बरोबर ठेवा. जायचं तर मे ते ऑगस्ट. जून-जुलैत मुक्कामाची जागा आयत्या वेळी मिळत नाही, निघण्याआधीच बुकिंग करा.