आमचं एन्क्रिप्शन त्यांच्या यादीत नव्हतं

सुरक्षा-मंजुरीच्या फॉर्ममधला प्रश्न क्रमांक १४. ‘उपकरणावरील माहितीच्या एन्क्रिप्शनचा प्रकार निवडा.’ खाली तीन पर्याय: एईएस-१२८, एईएस-२५६, नाही. एन्क्रिप्शन म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये अशी माहिती कुलूपबंद करणं, आणि एईएस ही त्याची सर्वांत रूढ पद्धत. या एका प्रश्नापायी आमचे पाच आठवडे गेले. अजूनही तो फॉर्म आठवला की डोकं तापतं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतेय. कमी ताकदीच्या फोनवर स्टोरेज एन्क्रिप्शन बसवून ते कुणाकडून तरी मंजूर करून घ्यायची वेळ तुमच्यावर आली, तर निदान तुमचे तरी दिवस वाचावेत.

घरोघरी जाऊन आजारपणाच्या नोंदी घेणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी आम्ही अँड्रॉइड हँडसेट तयार करत होतो. बिल्ड, म्हणजे फोनमधलं सॉफ्टवेअर, आमचीच होती, पण हँडसेट आधीच ठरलेले: कॉर्टेक्स-ए७ प्रोसेसर, एक जीबी रॅम. असा फोन कधी ना कधी हरवतोच. बसमध्ये राहतो, खिशातून पडतो, चोरीला जातो. आणि त्यात कुणाला क्षयरोग आहे, कोण गरोदर आहे, कुणाची कसली गोळी चालू आहे, सगळं असतं. एन्क्रिप्शन हवंच, यावर आमच्यात एकदाही वाद झाला नाही.

सुरुवातीला आम्हीही एईएसच लावलं होतं, एक्सटीएस या स्टोरेजसाठीच्या नेहमीच्या पद्धतीनं, सगळे लावतात तसं. नोंदींचं अ‍ॅप उघडलं की पांढरा स्क्रीन. चाचणीला आलेल्या ताईंनी दोनदा टॅप केलं, मग तिसऱ्यांदा, मग फोन खाली ठेवला आणि वही काढली. ती वही बघितली तेव्हाच मला कळलं, की हे असं चालणार नाही. एन्क्रिप्शनमुळे लोक वहीकडे वळणार असतील तर नोंदी उलट जास्तच उघड्या पडतात.

कारण साधं आहे. महागड्या फोनच्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास सूचना असतात, म्हणजे ते काम थेट हार्डवेअर करतं. कॉर्टेक्स-ए७ हा एआरएमव्ही७ पिढीतला, त्यात त्या सूचना नाहीतच. मग तेच गणित सॉफ्टवेअरमध्ये रेटावं लागतं आणि प्रत्येक वाचन-लेखनाला फोन धापा टाकतो. इथेच एक सांगून ठेवते: ६४-बिट प्रोसेसर दिसला म्हणून त्यात एईएस असेलच असं गृहीत धरू नका. एआरएमव्ही८ मध्येही हा भाग ऐच्छिक आहे. रास्पबेरी पाय ४ चा प्रोसेसर ६४-बिट आहे, तरी त्यात तो नाही. प्रॉक फोल्डरमधली सीपीयूइन्फो फाईल उघडा, ‘फीचर्स’च्या ओळीत ‘एईएस’ हा शब्द शोधा. सापडला तर पुढचं काही वाचायची गरज नाही, एईएसच लावा, तिथे तेच जास्त वेगवान असतं.

आमच्या ओळीत तो शब्द नव्हता, म्हणजे अशा हार्डवेअरशिवायही वेगाने चालणारी दुसरी पद्धत हवी होती. मग अ‍ॅडिअँटम. गूगलच्या पॉल क्राउली आणि एरिक बिगर्स यांनी नेमकं अशाच फोनसाठी ते तयार केलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याची घोषणा झाली, लिनक्स कर्नलच्या, म्हणजे अँड्रॉइडच्या गाभ्याच्या, ५.० आवृत्तीत ते आलं. अ‍ॅडिअँटम हे खरं तर एका नेच्याचं नाव, आपल्याकडे त्याला हंसराज म्हणतात. बसवणं, चाचण्या, ताईंना पुन्हा फोन देणं, हे सगळं आठवड्यात उरकलं. यावेळी वही बाहेर आली नाही.

आणि मग तो फॉर्म.

ज्या संस्थेसाठी काम करत होतो, तिच्या माहिती-सुरक्षा विभागाची मंजुरी मिळाल्याशिवाय एकही हँडसेट बाहेर जाणार नव्हता. ते बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार प्रश्न १४ बद्दल आहे. सहकारी म्हणाला, ‘अगं, एईएस-२५६ टाकून मोकळी हो. अ‍ॅडिअँटममध्ये एईएस-२५६ आहेच की.’ आहे, हे खरं. पण ४०९६ बाइटच्या प्रत्येक सेक्टरमागे, म्हणजे स्टोरेजच्या प्रत्येक तुकड्यामागे, ते फक्त एकदा, १६ बाइटच्या एका ब्लॉकपुरतं चालतं, एन्क्रिप्शनचा बाकी भार एक्सचाचा-१२ हे वेगळं सायफर, म्हणजे एन्क्रिप्शनचं गणित, वाहतं. तेवढ्यावर ‘एईएस-२५६’ लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं. लोकांच्या आजाराच्या नोंदी सांभाळायला निघालो आणि पहिल्याच कागदावर खोटं, हे मला जमलं नाही.

म्हणून मी ‘नाही’ निवडलं आणि शेऱ्याच्या चौकटीत खुलासा लिहिला. चौकटीत २५० अक्षरं मावत होती. आठ दिवसांनी उत्तर आलं: ‘उपकरण एन्क्रिप्टेड नाही. अमान्य.’ शेरा कुणी वाचलाच नव्हता.

दुसऱ्यांदा सविस्तर पत्र जोडलं, चार पानांचं. इथे चूक माझी झाली, कारण चार पानं कुणी वाचत नाही. पुन्हा दहा दिवस. उत्तर: ‘यादीतील मान्य अल्गोरिदमच वापरावा.’

तिसऱ्यांदा मी फोन केला. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते, आवाज चढवला नाही, पण त्यांचं एकच पालुपद: ‘मॅडम, मला स्क्रीनवर तीनच पर्याय दिसतात. चौथा मी कुठून आणू?’ मी फोनची ताकद, एईएसचा वेग, सगळं समजावलं. त्यावर ते म्हणाले, ‘मग उपकरणाला झेपत नाही असं लिहून द्या ना. एन्क्रिप्शनमधून सूट मिळण्याचा वेगळा अर्ज आहे. तो दोन दिवसांत होतो.’

मी फोन ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. एन्क्रिप्शन अजिबात नसलेला फोन दोन दिवसांत मंजूर होणार होता. पूर्ण एन्क्रिप्शन असलेला फोन तीन आठवडे अडकला होता, फक्त त्याचं नाव यादीत नव्हतं म्हणून. मला राग त्या गृहस्थांचा आला नाही, यादी करून विसरून गेलेल्यांचा आला. आणि ही सवय नवी नाही. अँड्रॉइड ६ पासून नियम होता, की एईएसचा वेग सेकंदाला ५० मेबीबाइटच्या वर असेल तरच फोनला एन्क्रिप्शन सक्तीचं. म्हणजे ज्यांचा फोन हळू, त्यांची माहिती उघडी राहिली तरी चालेल. अँड्रॉइड १० मध्ये ही सूट गेली आणि सगळ्या नव्या फोनना एन्क्रिप्शन आवश्यक झालं. ते शक्य झालं अ‍ॅडिअँटममुळेच. स्वस्त फोन वापरणाऱ्या माणसाची माहिती काही स्वस्त नसते.

वाट मोकळी झाली ती दोन गोष्टींनी.

पहिली म्हणजे मी फॉर्म सोडून मूळ धोरण वाचलं. ते आधीच वाचायला हवं होतं, तुम्ही पहिल्याच दिवशी वाचा. धोरणात एईएसचं नावच नव्हतं. ‘सार्वजनिकरीत्या तपासलेलं, किमान १२८-बिट किल्लीचं एन्क्रिप्शन’ एवढंच होतं. अ‍ॅडिअँटमची किल्ली तर २५६ बिटची आहे. फॉर्म करणाऱ्याने धोरण आखडून तीन पर्यायांत बसवलं होतं. मात्र तुमच्या धोरणात अमेरिकी सरकारच्या फिप्स या सुरक्षा मानकाची अट स्पष्ट लिहिलेली असेल तर भांडू नका. अ‍ॅडिअँटम निस्ट या अमेरिकी मानक-संस्थेच्या मान्य यादीत नाही. तिथे एईएस सूचना असलेला हँडसेट मागणं हाच रस्ता.

दुसरी गोष्ट म्हणजे विभागाच्या वरिष्ठ बाईंची अर्ध्या तासाची भेट. चार पानं फाडून एका पानावर आणली होती. बाईंनी ते पान शेवटपर्यंत वाचलं आणि मग नेमके प्रश्न विचारले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी प्रश्न विचारत होतं, त्याचंच मला हायसं वाटलं.

‘हे कुणीतरी नवीन सायफर काढलंय का? नव्या सायफरवर माझा विश्वास नाही.’ नवी आहे ती रचना, घटक जुने आहेत. एईएस २००१ पासून मानक आहे. चाचा (एक्सचाचा त्याच कुळातलं) आणि पॉली-१३०५ हे हॅश, ही दोन्ही क्रिप्टोग्राफर डॅनियल बर्नस्टाइन यांची, एक २००८ चं, दुसरं २००५ चं. सोबत एनएच नावाचं वेगवान हॅश. हॅश म्हणजे मजकुरावरून छोटा आकडा काढणारं गणित. आणि रचनेला गणिती सिद्धता आहे: अ‍ॅडिअँटम मोडायचं तर एक्सचाचा-१२ किंवा एईएस-२५६ मोडावं लागेल.

‘बाराच फेऱ्या का? चाचाच्या वीस असतात ना?’ त्यांना हे माहीत होतं याचा मला मनापासून आनंद झाला. फेऱ्या म्हणजे तेच गणित किती वेळा फिरवायचं ते. उत्तर असं, की रचनाकारांनी फेऱ्या ठरवल्या तेव्हा ज्ञात असलेला सर्वांत चांगला हल्ला सात फेऱ्यांपर्यंतच पोचत होता. बारा फेऱ्यांत सुरक्षिततेला पुरेसं अंतर राहतं आणि वेगही हाताशी येतो.

मग त्यांनी स्पेकचं नाव काढलं. अशाच फोनसाठी आधी अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेचं स्पेक हे सायफर पुढे आलं होतं. २०१८ मध्ये ते लिनक्स ४.१७ मध्ये आलंही, पण लोकांचा विश्वास बसेना आणि ४.२० मध्ये ते काढून टाकलं गेलं. ‘तसलं काही नाही ना हे?’ नाही. उलट तो पर्याय बाजूला पडला म्हणूनच हे तयार झालं.

‘कुणी डेटात फेरफार केला तर कळेल?’ इथे मी स्पष्ट सांगितलं, नाही कळणार. ४०९६ बाइट आत, ४०९६ बाइट बाहेर. पडताळणीचा शिक्का ठेवायला सेक्टरमध्ये जागाच उरत नाही. एक्सटीएसचीही तीच गत आहे. पण एक फरक अ‍ॅडिअँटमच्या बाजूचा आहे. एक्सटीएसमध्ये एक बिट बदललं तर उकलताना फक्त १६ बाइटचा तुकडा बिघडतो. इथे अख्खा सेक्टर बिघडतो, म्हणून हवा तेवढाच बदल घुसवणं अवघड होतं. उणीव आधी सांगितली म्हणून बाकीच्या उत्तरांवर त्यांनी विश्वास ठेवला, असं मला वाटतं.

वेगाचा आकडा मी मूळ शोधनिबंधातून घेतला होता: कॉर्टेक्स-ए७ वर ४०९६ बाइटचा संदेश उकलायला बाइटमागे प्रोसेसरच्या घड्याळाचे १०.६ ठोके (सायकल), एईएस-२५६-एक्सटीएसपेक्षा पाचपटीहून जास्त वेगवान. १.२ गिगाहर्ट्झच्या एका कोअरला कागदावर सेकंदाला साधारण ११३ मेगाबाइट. एईएसचा हिशोब याच मापाने वीस-बावीसच्या आसपास येतो. मग मी दोन फोन त्यांच्यासमोर ठेवले, एक एईएसवाला, एक अ‍ॅडिअँटमवाला, आणि दोन्हींवर एकाच वेळी नोंदींचं अ‍ॅप उघडलं. बाईंनी पांढऱ्या स्क्रीनकडे बघितलं, दुसऱ्या फोनवर उघडलेल्या यादीकडे बघितलं आणि पानावर सही केली.

आकड्यांवरून आठवलं, हे वर सांगायला हवं होतं. पहिल्या चाचणीत आमचं अ‍ॅडिअँटमही रडतखडत चाललं होतं आणि आम्ही ते सोडूनच देणार होतो. दोष कर्नलच्या कॉन्फिगचा, म्हणजे तो तयार करतानाच्या सेटिंगचा, होता. नुसतं अ‍ॅडिअँटम चालू करून भागत नाही. चाचा आणि एनएचपॉली-१३०५ (एनएच आणि पॉली-१३०५ मिळून) यांचे निऑनवाले, म्हणजे प्रोसेसरमधल्या वेगवान गणिताच्या सूचना वापरणारे, पर्यायही चालू करावे लागतात, नाहीतर कर्नल निमूटपणे साधं सी भाषेतलं रूप वापरतो आणि कुठेही चूक दाखवत नाही. प्रॉकमधल्या क्रिप्टो फाईलमध्ये अ‍ॅडिअँटमच्या ड्रायव्हरचं पूर्ण नाव बघा. कंसात चाचा किंवा एनएचपॉली-१३०५ पुढे ‘जेनेरिक’ दिसलं तर काम अर्धवट आहे, त्या दोन्हींपुढे ‘निऑन’ दिसलं पाहिजे. आम्ही ते बघितलं तेव्हा तिन्ही घटकांपुढे ‘जेनेरिक’ होतं.

शिवाय मेमरी कार्डही एन्क्रिप्ट करणार असाल तर सेक्टर ४०९६ बाइटचा ठेवा. ५१२ चा ठेवला तर प्रत्येक सेक्टरमागचा ठरलेला खर्च आठ वेळा भरावा लागतो. आणि हे सगळं फोन वाटायच्या आधी ठरवा. नंतर पद्धत बदलायची म्हणजे फोन पुसून पुन्हा पहिल्यापासून.

मंजुरीचा कागद पाचव्या आठवड्यात आला. प्रश्न १४ समोर छापलं होतं: ‘एन्क्रिप्शन: नाही. अपवाद मंजूर.’ सहकारी म्हणाला, ‘सोड आता, मिळालं ना!’ मी नाही सोडलं. उद्या एखादा फोन हरवला आणि कुणी हा कागद काढला, तर त्यावर लिहिलेलं असणार की नोंदी उघड्या होत्या. त्या ताईंना लोकांच्या दारात पुन्हा उभं राहायचंय. मी कागद परत पाठवला, सोबत बाईंच्या सहीचं पान.

नऊ दिवसांनी सुधारलेला कागद आला. त्यावर लिहिलं होतं: ‘एन्क्रिप्शन: अ‍ॅडिअँटम, २५६-बिट.’ फॉर्ममध्येही आता चौथा पर्याय आहे: ‘इतर, तपशील द्या.’ चौकट मात्र अजून २५० अक्षरांचीच आहे. त्यात मावेल असा मजकूर मी तयार करून ठेवलाय.