ठाण्याच्या किल्ल्यातला सभ्य चोर: तटावरची उडी झाली

माझ्या ॲनिमेशन फिल्ममधला तटावरच्या उडीचा शॉट अखेर पक्क्या रेषेत आला, म्हणजे कच्च्या चित्रांवर शेवटच्या स्वच्छ रेषा मारून झाल्या.

नव्यानं येणाऱ्यांसाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. 16 एप्रिल 1853. बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी ठाण्यात पोचायच्या बेतात आहे, सगळं गाव रुळांकडे लोटलंय आणि आपला धोतर-उपरण्यातला चोर शिरतोय किल्ल्यात. किल्ला तेव्हाही तुरुंगच होता. चोर आपल्या पायांनी तुरुंगात जातो, हे सुचलं त्याच दिवशी फिल्म करायचं ठरलं. खजिन्याचा धागाही इथलाच. 1787 साली याच किल्ल्यात खणताना शिलाहार राजा अरिकेसरीचा शके 939चा ताम्रपट सापडला होता. माझ्या गोष्टीत तसाच आणखी एक तिथं पुरलेला आहे.

आता उडी. जपानी ॲनिमेशन दिग्दर्शक मियाझाकींच्या 1979च्या ‘कॅसल ऑफ कॅग्लिओस्त्रो’ या चित्रपटातली छपरावरची धाव मी फ्रेम-फ्रेम करून पाहिली. त्यातला चोर लुपाँ तिथं मारतो ती उडी खरं तर कुणालाच जमणार नाही, तरी आपल्याला पटते, कारण हातून निसटलेल्या वस्तूमागे उतारावर धावताना त्याचा वेग आपल्या डोळ्यांदेखत वाढत गेलेला असतो. जोर आधी दाखवला की हवेतलं काहीही खपतं. म्हणून माझा चोर आधी तटाच्या उतरत्या कडेवरून धावतो. धाव दोन-दोन फ्रेमवर, म्हणजे एकेक चित्र दोन फ्रेम टिकतं, सेकंदाच्या 24 फ्रेममध्ये 12 चित्रं. उडीच्या माथ्यावर चित्रं एकमेकांना अगदी चिकटून, खाली येताना अंतर झपाट्यानं वाढत गेलेलं. उपरणं मात्र शरीरामागून चार फ्रेम उशिरा येतं, आणि त्या उशिरामुळेच त्याला ऐट आली. उडीआधी तो क्षणभर थांबून टोपी सारखी करतो. सभ्यपणा त्या थांबण्यातच आहे, तिथं मी एकही फ्रेम कमी करणार नाही.

त्याच चित्रपटातला खजिना म्हणजे तळ्याखाली बुडालेलं रोमन शहर. कुणाला उचलून नेताच येत नाही! त्यावरून माझ्या गोष्टीच्या शेवटाचं कोडं सुटलं. अरिकेसरीचा ताम्रपट हे दानपत्र आहे, त्यात जमिनीचं दान दिलेलं आहे. मग माझ्या पत्र्यावर ठाण्यातला मासुंदा तलाव गावाला दिल्याचं कोरलेलं असेल. चोर तो वाचतो आणि जागच्या जागी ठेवून निघतो. सोनं-नाणं निघण्यापेक्षा मला हे कितीतरी भावतं.

रंगकाम ओपनटून्झ या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्येच चाललंय. ते फुकट आहे आणि मियाझाकींच्या जिबली स्टुडिओतही त्याचंच मूळ सॉफ्टवेअर वापरलं जायचं, एवढं मला पुरे.

पुढचा शॉट गर्दीचा, मागे इंजिनाचा धूर. धूर हातानं काढायचा की सॉफ्टवेअरच्या इफेक्टनं, यावर अडलोय. कुणी कोळशाचा दाट धूर हातानं काढला असेल तर त्याचं टाइमिंग सांगा, तीन-तीन फ्रेमवर तो तुटक दिसतो का?