तुम्ही विचारलंत म्हणून : फ्रेंच येत नाही, मग कळतं काय?

नाही येत मला फ्रेंच. बोंजूर आणि मेर्सीच्या पुढे गाडी जात नाही. तरी दर वर्षी आमच्या सोलापुरातल्या छोट्या फिल्म सोसायटीत १९३०च्या दशकातला एखादा काळा-पांढरा फ्रेंच सिनेमा मी लावतेच. आणि दर वर्षी चहाच्या वेळी कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, भाषा येत नाही, मग त्यात तुम्हाला कळतं काय?" आजवर "सबटायटल्स असतात की" म्हणून वेळ मारून नेली. ते खोटं नव्हतं, पण उत्तरही नव्हतं.

मी ऐकते. शब्द सोडून बाकीचं.

दिग्दर्शक ज्याँ व्हिगोच्या 'लातालांत'मध्ये (१९३४) बोटीवरचा म्हातारा ज्यूल ग्रामोफोनच्या तबकडीवर नुसतं बोट फिरवतो आणि सूर निघतात. बोट उचललं की बंद, टेकवलं की सुरू. म्हातारा चक्रावतो. मग दिसतं, मागे पोऱ्या ॲकॉर्डियन घेऊन बसलाय, गंमत करतोय. याला कुठली भाषा लागते? (याच सिनेमाची वितरकांनी काटछाट केली, त्यात चालू लोकप्रिय गाणं घुसडलं आणि त्या गाण्याचंच नाव सिनेमाला दिलं. त्याच वर्षी व्हिगो गेला, अवघ्या २९व्या वर्षी. गाणं टाकलं की लोकांना कळेल, असं वितरकांनाही वाटलं असणार.)

'पेपे ल मोको'चा (१९३७) शेवट घ्या. अल्जीअर्सच्या बंदरात फाटकाच्या गजांमागून नायक, म्हणजे नट ज्याँ गाबँ, जहाजावरून निघालेल्या प्रेयसीला हाक मारतो, नेमका तेव्हाच जहाजाचा भोंगा वाजतो. ती कानांवर हात ठेवते आणि आत निघून जाते. मला फ्रेंच येत नाही म्हणता? तिला येत होतं. तिलाही नाही ऐकू आलं.

आता कबुली. कवी-पटकथाकार झाक प्रेव्हेरचे संवाद माझ्या हातून निसटतात. एकदा फ्रेंच शिकलेली एक मुलगी शेजारी बसली होती. ती मध्येच फिसकन हसली, तेव्हा सबटायटलमध्ये हसण्यासारखं काहीच नव्हतं. मला तिचा चक्क हेवा वाटला. तेव्हा मी सगळं ऐकते असं नाही.

शिवाय जे ऐकते त्याबद्दलही माझं मत टिकत नाही. पूर्वी सोसायटीच्या स्मरणिकेत मी लिहिलं होतं, की या सिनेमांचं संगीत म्हणजे धुक्यातलं उदास ॲकॉर्डियन. आता वाचवत नाही. मग म्हणायला लागले, की इथल्या प्रत्येक सुराला पडद्यावर मालक असतो : तबकडी, बोटीचा भोंगा, रस्त्यावरचा वादक. हे मी दोन भाषणांत ठासून सांगितलं. मग मार्सेल कार्नेचा 'ल झूर स लेव्ह' (१९३९) परत पाहिला. खून करून खोलीत कोंडून घेतलेला कामगार (पुन्हा गाबँच), खाली पोलीस, आणि संगीतकार मोरिस झोबेरनं त्या खोलीतल्या दृश्यांमागे धरलेला ढोलाचा तोच तोच ठोका. तो कोण वाजवतंय? कोणीच नाही. म्हणजे तेही विधान अर्धं मागे.

आणि याच सिनेमानं माझी फजिती केली. फजिती कसली, त्याहून वाईट.

शेवटी पहाट होते. गाबँ स्वतःवर गोळी झाडतो. छपरावरून आलेले पोलीस अश्रुधुराचं नळकांडं आत टाकतात. धूर पसरतो, त्यात ऊन येतं, आणि त्याचं गजराचं घड्याळ वाजायला लागतं. कामावर जायची वेळ झालेली. हा गजर लोकांच्या कानावर पडावा म्हणून तर मी भाड्यानं चांगले स्पीकर आणले होते.

गजर वाजला आणि पुढच्या रांगेतले एक काका शर्टाचा खिसा चाचपायला लागले. मागून दोन पर्स उघडल्याचा आवाज. कोणीतरी ओरडलं, "अहो, मोबाईल बंद करा तो!" हॉल हसला. पडद्यावर माणूस मरून पडलेला.

मी ताडकन उठून दिवे लावले. "हा मोबाईल नाहीये! एवढंसुद्धा कळत नाही?" सगळ्यांना म्हणाले, पण बघत होते काकांकडे. ते उभे राहिले. म्हणाले, "सॉरी मॅडम. मला वाटलं माझाच. मिलमध्ये फर्स्ट शिफ्टला होतो ना, भोंग्याच्या आधी गजर लावायचो. सवय आहे." मिल बंद पडून किती वर्षं झाली, ते मी विचारलं नाही. नळकांडं, ऊन, घड्याळ यांवरचं माझं तयार भाषण मात्र मी पूर्ण केलं. दहा मिनिटं. काका परत कधी आले नाहीत.

जे कोणाला सांगितलं नाही ते इथे लिहिते. गजर वाजला तेव्हा काकांच्या आधी माझाच हात पर्सकडे गेला होता. सात-आठ वेळा पाहिलेला सिनेमा, कुठल्या क्षणी घड्याळ वाजणार हे पाठ. तरी गेला. ओरडले ते बहुधा त्यामुळेच. किंवा खरंच हसण्याचा राग आला असेल. अजून ठरवता आलेलं नाही.

झोबेर १९४० साली युद्धात मारला गेला. हा सिनेमा येऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

यंदा परत लावतेय. सुरुवातीला "मोबाईल बंद ठेवा" अशी सूचना करायची असते. ती करावी की नाही, यावर आमच्या सेक्रेटरींशी माझं कालच वाजलंय.