तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही लाकूड का घेत नाही

पुण्यात झाडांच्या छाटणीचे आणि निगेचे काम मी 2009 पासून करतो आहे. या काळात मला दोन प्रश्न सर्वांत जास्त वेळा विचारले गेले. बंगल्यांचे आणि सोसायट्यांचे लोक विचारतात, ‘‘लाकूड घेऊन फुकटात फांद्या काढून देणारे आहेत, मग तुम्हाला पैसे कशाचे द्यायचे?’’ आणि या धंद्यात उतरू पाहणारी तरुण मुले विचारतात, ‘‘लाकूड वखारीत न घालता तुम्हाला परवडतं कसं?’’ प्रश्न खरे तर एकच आहे. आजवर त्याची उत्तरे मी तुकड्यातुकड्यांनी, बहुतेक वेळा गेटवर उभे राहून, माणसे खोळंबलेली असताना दिली. ती नीट पोचली नाहीत. उलट हा माणूस तत्त्वे सांगून दर वाढवतो, असे माझ्याबद्दल बोलले जाते हे कानावर आले आणि मनाला लागले. म्हणून एकदाचे सगळे लिहून ठेवतो.

लाकडाच्या बदल्यात काम घेणारा माणूस झाडाखाली उभा राहतो तेव्हा तो काय पाहतो, हे मला चांगले ठाऊक आहे, कारण मीही तसाच पाहत असे. बुंध्याचा घेर किती, जाड फांद्या किती, टेम्पोच्या किती फेऱ्या होतील आणि मजुरी, डिझेल वजा जाता हातात काय उरेल, हा हिशेब वर मान करून उभे असतानाच मनात होतो. आता झाडाला काय हवे असते ते पाहा. वाळलेल्या काटक्या, एकमेकींवर घासणाऱ्या डहाळ्या, आत वळलेले फुटवे, घराच्या छताला टेकणारी टोके, म्हणजे ज्याला वखारवाला हातही लावणार नाही असा सगळा माल काढायचा असतो आणि ज्या जाड फांद्यांवर झाडाचा डोलारा उभा असतो त्या जपायच्या असतात. म्हणजे लाकूड हीच मजुरी ठरली, की काम करणाऱ्याचे पोट आणि झाडाचे आयुष्य समोरासमोर उभे राहते. त्या माणसाचा स्वभाव कितीही चांगला असला तरी यात फरक पडत नाही. मी वाईट माणूस नव्हतो.

मे 2011 मध्ये कोथरूडमधल्या एका सोसायटीने मला बोलावले. गेटजवळ एक मोठा रेन ट्री होता, वाहनतळावर पसरलेला. चिकट शेंगा आणि पानांचा पाचोळा गाड्यांवर पडतो, या तक्रारीने सभासद वैतागले होते. महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी धोकादायक फांद्यांपुरती होती. सोसायटीचे म्हणणे होते, ‘‘अर्धं करून टाका, म्हणजे पुन्हा चार वर्षं बघायला नको.’’ मी झाड बोडके केले. मांडीपेक्षा जाड पाच फांद्या मधूनच आडव्या कापल्या. सोसायटीने 4,000 रुपये दिले, लाकडाचे 11,000 आले आणि चेनसॉचे थकलेले हप्ते मी एकरकमी फेडले. आपल्याकडच्या नागरी भागांना लागू असलेल्या 1975 च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्यात ‘झाड तोडणे’ या शब्दांत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही धरलेले आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हते असे मी पुष्कळ दिवस सांगत असे. ते खरे नाही. मला माहीत होते.

तेव्हाच्या माझी बाजूही सांगायला हवी. तेव्हाचा मी म्हणे, मी नाही केले तर दुसरा कुणी कुऱ्हाड घेऊन येईल आणि याहून वाईट करील. शिवाय रेन ट्री चिवट आहे, दोन पावसाळ्यांत पुन्हा हिरवा होईल. दुसरे म्हणणे अगदी बरोबर निघाले. झाड हिरवे झाले. कापलेल्या प्रत्येक बुडख्याच्या कडेने पाच-सहा फुटवे आले, सरळ वर गेले, जाड झाले. सात वर्षांनी खालून पाहणाऱ्याला त्या फांद्याच वाटत.

फेब्रुवारी 2018 मध्ये त्याच सोसायटीचा पुन्हा फोन आला. तोवर मी लाकूड घेणे कमी केले होते, बंद केले नव्हते, आणि या कामातही ओंडक्यांचा सौदा ठरलेला होता. माझ्याबरोबर गुहागरकडचा एक मुलगा होता, 26 वर्षांचा. लहानपणापासून सुपारीच्या बागेत वाढलेला. कोकणात एका पोफळीवरून झोका घेऊन दुसरीवर जाणारे जे चढणारे असतात, त्यांच्यातला. दोर कुठे बांधायचा ते मी ठरवत असे. एरवी मी लाकडी हातोडीने खोडावर ठोकून आवाज ऐकतो, अँकरच्या, म्हणजे माणसाचा भार पेलणाऱ्या फांदीवरून दोर टाकला की खाली दोघांनी त्याला लोंबकळून पाहतो आणि मगच माणूस वर सोडतो. त्या दिवशी मी यांतले काहीही केले नाही, कारण झाड माझ्या ओळखीचे होते. हे वाक्य मी त्याला मोठ्याने म्हटलेसुद्धा: ‘‘हे झाड आपल्या ओळखीचं आहे, वरच्या फांदीला घे.’’

तो वर गेला, सर्वांत जाड फुटव्याभोवती दोर घेतला आणि मागे रेलला. कापड फाटावे तसा आवाज आला. मोडल्याचा नाही, फाटल्याचा. फुटवा बुडासकट खोडावरून सोलून निघाला आणि मुलगा जवळजवळ 20 फुटांवरून खाली आला. खाली छाटलेल्या डहाळ्यांचा ढीग होता, म्हणून तो आज आहे.

त्याला दवाखान्यात पोचवून संध्याकाळी मी एकटाच परत आलो आणि शिडी लावून त्या जागेपर्यंत चढलो. सात वर्षांपूर्वीचा माझाच काप समोर होता. त्याच्या मध्यभागी मी बोट घातले, तर ते दुसऱ्या पेरापर्यंत आत गेले. आतला गाभा ओल्या तपकिरी भुशासारखा झाला होता आणि नखाने त्याच्या ढलप्या निघत होत्या. जिवंत लाकूड फक्त एका बाजूला, चंद्रकोरीसारखे, दोन बोटे जाडीचे उरले होते आणि तो मांडीएवढा फुटवा तेवढ्यावर सात वर्षे उभा होता. मूळची फांदी खोडाबरोबर वाढते, दोघांच्या लाकडाचे थर एकमेकांत गुंतत जातात. बोडक्या कापावर येणारा फुटवा सालीखालच्या डोळ्यातून निघतो आणि फक्त वरच्या थराला चिकटलेला असतो. तो जसजसा जड होतो, तसतसा त्याच्या मागचा आधार कुजत जातो. अमेरिकेच्या वनसेवेतले संशोधक ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून हेच दाखवले होते, की झाड स्वतःची जखम माणसासारखी भरून काढत नाही; ते कुजलेला भाग आतल्या आत कोंडून त्याच्या बाहेरून नवे लाकूड वाढवते. काप लहान असेल, फांदी जिथे खोडाला मिळते तिथल्या फुगीर कॉलरच्या अगदी बाहेर असेल, तर हे कोंडणे जमते आणि काही वर्षांत कापाभोवती सालीचे गोल, सारख्या जाडीचे कडे तयार होते. मी कापलेल्या पाचांपैकी एकाही ठिकाणी ते कडे नव्हते.

त्या मुलाच्या मांडीचे हाड मोडले, पाठीचे दोन मणके दबले. मांडीत सळई घालावी लागली. खर्च 3 लाख 40 हजारांच्या घरात गेला, आणि माझ्याकडे विमा नव्हता. हे मी या धंद्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो: चेनसॉ घेण्याआधी माणसांचा विमा घ्या. कामावर इजा झालेल्या माणसाला भरपाई देण्याची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे, आणि रोजंदारीवर चार माणसे घेऊन फिरणाराही मालकच असतो. मी पिकअप विकली. सोसायटीने 10,000 रुपये दिले आणि पंधराव्या दिवशी फोन करून उरलेल्या फांद्या केव्हा काढणार ते विचारले.

तेव्हापासून आम्ही लाकूड घेत नाही. काम पाहायला गेलो की काढायच्या फांद्यांवर खडूने खुणा करतो, त्यांचे फोटो मालकाला पाठवतो, त्यावर होकार घेतो आणि दर दिवसाच्या कामावर सांगतो. परवानगी मालकाच्या नावाने निघाल्याशिवाय आणि तिच्यात लिहिल्यापेक्षा जास्त एकही फांदी काढत नाही. ओंडके निघाले तर ते मालकाचे. त्याने ते कुणालाही द्यावेत, फक्त तो व्यवहार काम संपल्यावर व्हावा, एवढीच अट. पाला आणि बारीक काटक्या शक्यतो त्याच झाडाच्या आळ्यात पसरतो. एका वेळी हिरव्या डोलाऱ्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक काढत नाही. विजेच्या तारा जवळ असतील तर महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याखेरीज माणूस वर जात नाही. ओली फांदी तारेला टेकली की वीज माणसापर्यंत यायला वेळ लागत नाही. घरटे दिसले तर पिल्ले उडेपर्यंत थांबतो, आणि यामुळे हातचे काम गेले असे अनेकदा झाले आहे.

जाड फांदी काढायची वेळ आलीच तर तीन काप. पहिला खोडापासून हातभर अंतरावर खालून, तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे वरून, म्हणजे फांदी स्वतःच्या वजनाने सुटते आणि खोडाची साल सोलून नेत नाही. तिसरा उरलेल्या खुंटाला, कॉलरला धक्का न लावता. यात एका कापाच्या जागी तीन होतात आणि वेळ लागतो. तुम्ही जे पैसे देता त्यातला मोठा भाग या वेळेचा, दोराचा, खाली उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या माणसाचा आणि विम्याचा असतो.

परवडते का? काही महिने परवडत नाही. पावसाळा तोंडावर आला की एप्रिल-मेमध्ये फोन थांबत नाहीत आणि नोव्हेंबरात माणसांना मजुरी देण्यासाठी मला रोपे विकावी लागतात. लाकूड घेतले असते तर पिकअप केव्हाच परत आली असती. आणि ज्यांना आमचा दर झेपत नाही, त्यांना मी नाही म्हणतो तेव्हा ते लाकूडवाल्याकडेच जातात, म्हणजे माझ्या नकाराने ते झाड वाचत नाही. बहुधा त्याचे अधिकच नुकसान होते. 2011 मधला मी हेच तर म्हणत होता, आणि या एका मुद्द्यावर त्याला गप्प करील असे उत्तर मला अजून सापडलेले नाही. मध्यंतरी दोन जुन्या वाड्यांतली कामे मी फक्त मजुरांच्या रोजावर केली. सगळीच तशी करता येणार नाहीत.

तो मुलगा गावी असतो. त्याला उकिडवे बसता येत नाही, झाडावर चढणे तर संपलेच. मी फोन केला की तो म्हणतो, ‘‘दादा, दोर मी बांधला होता.’’ मी त्याला दरवेळी सांगतो, की जागा मी सांगितली होती आणि त्या जागेवरचा काप माझा होता. तो ऐकून घेतो आणि आंब्याच्या मोहराबद्दल बोलू लागतो.

रेन ट्री अजून उभा आहे. त्यावरचे उरलेले फुटवे मी दर दोन वर्षांनी जाऊन हलके करतो, त्याचे पैसे घेत नाही. या वर्षी सोसायटीने संपूर्ण झाड काढण्यासाठी अर्ज केला आहे, खोडावर नोटीस लागली आहे आणि झाड धोकादायक आहे की नाही याबद्दल त्यांनी माझे लेखी मत मागितले आहे. ते धोकादायक आहे. त्याखालून मुले शाळेच्या बसला जातात. मी गेल्या आठवड्यात दोन वेळा हातोडी घेऊन जाऊन आलो. बुंधा चांगला भरीव वाजतो, फक्त वरचे पाच काप पोकळ आहेत. ते काप कुणी केले हे त्या पत्रात लिहायचे ठरवले आहे, बाकीचे पत्र अजून लिहून व्हायचे आहे.