इको कॅम्पर, नोंद ६: मुंबई बघायची तर गाडी कुठं मुक्कामाला लावायची

माझ्या मारुती इको व्हॅनमध्ये मुक्कामाची सोय करायचं काम चाललंय, त्यातला बेडचा खोका मागच्या नोंदीत दाखवला होता, त्यानंतर दोन महिने काहीच टाकलं नाही कारण गाडीवर काम कमी आणि फोनवर काम जास्त झालं. झालं असं की आईला मुंबई बघायचीय. यादी तीनच गोष्टींची, सिद्धिविनायक, राणीची बाग (पेंग्विन नातवापेक्षा तिलाच बघायचेत) आणि गेटवे. आणि गाडी तयार आहेच तर लॉजवर कशाला पैसे घालायचे, असं मीच मोठ्या तोंडानं बोलून बसलो.

आधी गाडीचं उरकतो. एमएच ११ ची (म्हणजे साताऱ्याची) पेट्रोल इको, पाच सीटवाली. मागची सीट घडी घालून त्यावर बसणारा प्लायचा खोका, सगळं नटबोल्टवर, वीस मिनिटात बाहेर निघतं. बॉडी कापलेली नाही, सीट काढलेली नाही, कारण २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपनीच्या मूळ रचनेत बदल करणं म्हणजे दुखणं विकत घेणं, आणि मला आरटीओत चकरा मारायची हौस नाही. बॅटरी १२.८ व्होल्ट १०० एएच लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे १२८० वॉट अवर. त्यावर पंखा, दोन एलईडी पट्ट्या आणि मोबाइल, एवढंच. नवीन काय तर २० अँपिअरचा डीसी टू डीसी चार्जर बसवला, म्हणजे गाडी चालू असताना इंजिनावरच ही बॅटरी भरते, त्यामुळं साताऱ्यातून निघून घाट उतरेपर्यंत बॅटरी जवळजवळ भरते. पंखा २५ वॉटचा, रात्रभर आठ तास चालला तरी २०० वॉट अवर. म्हणजे कॅम्पवर लाइट नसली तरी दोन रात्री आरामात, हे महत्त्वाचं का ते पुढं येतंच.

आता जागा. आपण सगळे तिकडचे व्हिडिओ बघून बघून बिघडलोय. लंडनला अ‍ॅबे वूडला कॅराव्हॅनची साइट आहे, जवळच स्टेशन, २०२२ पासून एलिझाबेथ लाइन थेट मध्य लंडनात नेते. पॅरिसला सीनच्या काठानं बुआ द बुलोन्यच्या जंगलात कॅम्पिंग आहे. वॉशिंग्टन बघणारे आरव्हीवाले (घरासारख्या मोठ्या गाड्या घेऊन फिरणारे) कॉलेज पार्कला चेरी हिल पार्कमध्ये गाडी लावतात आणि तिथनंच बस धरतात. म्हणजे तिकडचा साधा हिशोब असा की घर शहराबाहेर ठेवायचं आणि माणसं शहरात न्यायची. आपल्याकडं महाराष्ट्राचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ ला आलं, पण मुंबईसाठी असली जागा शोधायला बसलात तर शेवटी फार्महाऊस आणि टेंटवाल्यांनाच फोन लावायला लागतो. हिशोब मात्र तोच उचलायचा. गाडी मुंबईत न्यायचीच नाही. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाच नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल माफ झालाय म्हणून मलाही मोह झाला होता, पण टोल वाचून करायचं काय, रात्री रस्त्याकडंला इकोत झोपलं की काचेवर टकटक होणारच, आणि आईला सकाळी बाथरूम कुठं दाखवणार.

मग नकाशा घेऊन बसलो. तीन जागा डोक्यात होत्या, मांडवा, पनवेलच्या अलीकडं कर्नाळ्याच्या बाजूला, आणि कर्जत.

मांडव्यावर माझा जीव होता खरा. समुद्र, नारळाची झाडं, सकाळी बोटीत बसायचं आणि तासाभरात समोर गेटवे, म्हणजे यादीतली एक गोष्ट प्रवासातच उरकली. शिवाय मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, म्हणजे गाडीसकटसुद्धा जाता येतं. पण गेटवेच्या बोटी संध्याकाळनंतर नाहीत, आणि पावसाळ्यात जून ते ऑगस्ट बंदच. आई, पोरगं आणि बायको घेऊन मी दुपारपासनं घड्याळ बघत फिरणार, त्यात माझं काय फिरणं होणार. कटाप. (जोडप्यानं जायचं असेल तर मात्र मांडवाच, माझं मत लिहून ठेवा.)

पनवेल सगळे सांगतात, कारण जवळ. सीएसएमटीपासून ४९ किलोमीटर, हार्बर लाइनच्या लोकलनं सव्वा तासाच्या आसपास. कर्जत १०० किलोमीटर, फास्ट लोकलला पण दोन तास. कुणीही पनवेलच म्हणणार, मीपण आठवडाभर पनवेलच धरून चाललो होतो, एका ठिकाणी बोलणं पण झालेलं. मग रात्री आईची यादी समोर घेतली आणि स्टेशनं लिहिली. राणीची बाग म्हणजे भायखळा. सिद्धिविनायक म्हणजे दादर. आणि हार्बर ना भायखळ्याला जाते ना दादरला! पनवेलवरून दादर म्हणजे कुर्ल्याला उतरून गाडी बदला, भायखळा म्हणजे सँडहर्स्ट रोडला वरच्या फलाटावरून खाली उतरा आणि उलटं या. कुर्ल्याचा तो पूल ज्यांनी गर्दीत चढलाय त्यांना सांगायला नको, आणि आईचे गुडघे म्हणजे आमच्याकडं अजिंक्यताऱ्यावर अर्ध्यातनं माघारी आलेले. कर्जतवरून दादर सरळ, भायखळा सरळ, सीएसएमटी सरळ. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, बऱ्याच लोकल कर्जतलाच सुरू होतात, म्हणजे खिडकी. दोन तास बसून जाणं आणि सव्वा तास उभं राहून मग जिना, यात म्हातारं माणूस काय निवडेल सांगा. तर किलोमीटर बघू नका, आपल्याला जायचंय ती ठिकाणं कुठल्या लाइनवर आहेत ते बघा आणि त्या लाइनीचं टोक पकडा, हे मला नकाशावर आठवडा घालवून कळलं.

कर्जत ठरलं, मग फोन. अकरा जागांना फोन केले. पहिल्या चार ठिकाणी "कॅम्पर व्हॅन" म्हटल्यावर "टेंट पाहिजे का रूम?" एवढंच. मग मी भाषाच बदलली, म्हटलं काका गाडी लावायला सपाट जागा, रात्री बाथरूम, एक प्लग, आणि आईसाठी एक खोली. आई गाडीत झोपणार नाही हे घरात आधीच ठरलंय, "मी काय पाथरवटाच्या बिऱ्हाडातली हाय का" हे तिचं वाक्य. (पोरगं मात्र गाडी सोडून कुठं झोपायला तयार नाही.) एका ठिकाणी फोनवर पंधरा अँपिअरचा पॉइंट आहे म्हणून सांगितलं, फोटो मागवला तर भिंतीला लोंबणारा पाच अँपिअरचा सॉकेट, वर पंख्याचा रेग्युलेटर पण त्यालाच. म्हणून म्हणतो, लाइटवर अवलंबून न राहणारी गाडी असली की जागा निवडायला मोकळीक मिळते.

दोन जागा उरल्या, आणि त्या बघायला मी आणि माझा गॅरेजवाला मित्र दोन रात्री जाऊन आलो, एकेका जागी एकेक रात्र. फॅमिली नेण्याआधी रंगीत तालीम करा, खरंच करा. पहाटे साडेचारला सातारा सोडलं, आनेवाडीचा टोल, खंबाटकीचा बोगदा आणि त्यापुढचं ते एस वळण अंधारात सावकाश, खेड शिवापूर, आणि नवले पुलाचा उतार ट्रकवाले उठायच्या आत मागं टाकला. एक्स्प्रेसवेवरून बोरघाट उतरताना इको थर्डमध्ये ठेवली होती, मागं दीडशे किलोचा संसार असल्यामुळं ती ढकलत होती, तेव्हा सेकंडमध्ये घेतली. ब्रेकचा वास आला नाही, मित्र म्हणाला बघ पॅड बदलले म्हणून, आणि पुढं खोपोलीपर्यंत तेच बोलत होता. खोपोलीत उतरून कर्जत पंधरा किलोमीटरच्या आसपास.

पहिली जागा फोटोत होती तशीच होती, उल्हास नदीच्या बाजूला, आंब्याची झाडं, हिरवळ. मी तर तिथंच पैसे देणार होतो. मित्र म्हणाला थांब, आज रात्री आपण लोकलनं जाऊन येऊ, परत येताना बघू. म्हणून गाडी तिथं लावून दुपारी दादरला गेलो, काही काम नव्हतं, नुसतं बसून आलो, आणि मुद्दाम उशिराची लोकल धरून रात्री साडेअकराला कर्जतला उतरलो. स्टेशनबाहेर दोन रिक्षा, एकानं त्या रस्त्यावर रात्री येत नाही म्हणून सांगितलं, दुसऱ्यानं दुप्पट मागितले. पोचलो तर गेटला साखळी, आतून कुलूप. मालकांचा फोन बंद. वॉचमनची खोली लांब मागं, आणि दोन कुत्री गेटच्या आतून अशी भुंकत होती की गावातली बाकीची पण आली. पंधरा-वीस मिनिटं आम्ही मोबाइलच्या टॉर्चमध्ये उभे, शेवटी वॉचमन काका लुंगी सावरत आले, त्यांचा काही दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी तिथं उभा राहून एकच विचार करत होतो, आत्ता मागं आई उभी असती तर.

दुसरी जागा दिसायला काहीच नाही. स्टेशनपासून चालत बारा मिनिटं, घराच्या मागं फरशी टाकलेलं अंगण, बाजूला गोठा, समोर हॉटेलची भिंत. हिरवळ नाही, नदी नाही, फोटो टाकला तर इथं कुणी लाइक पण करणार नाही. पण घरातल्या काकूंनी विचारलेला पहिला प्रश्न, "शेवटच्या गाडीनं येणार का? मग मागच्या दाराची चावी घेऊन जा." तिथंच ठरलं. सकाळी साडेपाचला बाथरूमला लाइट चालू, बंबात पाणी तापत ठेवलेलं, कारण त्यांच्याच घरातली दोन माणसं रोज त्याच लोकलनं ठाण्याला कामाला जातात. दिवसभर गाडी अंगणात, कुणीतरी घरात असतंच. प्लगला मी टेस्टर लावून बघितला, अर्थिंग होतं. खोलीला कॉट उंच आहे, आईला बसता-उठता येईल. मी कंदी पेढ्यांचा बॉक्स नेला होता तो मालकासाठी म्हणून पहिल्या जागी देणार होतो, तो इथं गेला.

तर जागा बघायला जाल तेव्हा सकाळी सातला कशी दिसते ते सोडा, रात्री बाराला जाऊन बघा. शहर बघायला गेलेला माणूस जागेवर असतो कधी, तर अंधारात, थकलेला, पाय दुखणारा.

आता दिवस. हे पण पहिल्यांदा चुकलं होतं, मी रविवार धरला होता, सुट्टी म्हणून. रविवारी मेगाब्लॉक. बुधवारी राणीची बाग बंद. मंगळवारी सिद्धिविनायकाला रांग बघून आईनं बाहेरूनच नमस्कार केला असता. म्हणून गुरुवार आणि शुक्रवार, मला दोन सुट्ट्या टाकायला लागल्या, शाळेत पोराचा "ताप". गुरुवारी भायखळा, उन्हाच्या आत बाग उरकून परत. शुक्रवारी दादरला उतरून टॅक्सीनं सिद्धिविनायक, आणि तिथनं नवी मेट्रो ३ धरून हुतात्मा चौक, कारण ऑक्टोबर २०२५ पासून ती कफ परेडपर्यंत सुरू झालीय आणि स्टेशनात लिफ्ट आहेत. तिथनं गेटवे टॅक्सीनं. संध्याकाळच्या गर्दीत दादरला परतीची लोकल चढायची नाही, सीएसएमटीला जाऊन सुटणारीच कर्जत पकडायची, बसून यायचं. कर्जतला ठाण्यासारखी दर चार मिनिटाला गाडी नसते, एक चुकली की फलाटावर वडापाव खात बसायचं, म्हणून वेळापत्रकाचा फोटो बायकोच्या आणि माझ्या दोन्ही फोनमध्ये ठेवलाय.

गाडीत राहिलेलं काम, मागच्या दाराला मच्छरदाणी (गोठा शेजारी आहे, तालमीच्या रात्री डासांनी फोडून काढलं), काचांना फॉइलचे पडदे कारण दिवसभर अंगणात उन्हात उभी राहणार, आणि पायरी. पायरीसाठी मित्रानं जुन्या स्कूटरचं फुटबोर्ड आणून ठेवलंय, ते कसं बसवायचं यावर आमचं अजून जमलेलं नाही. कुणी इकोच्या सरकत्या दाराला घडीची पायरी बसवली असेल तर मापं टाका, आई म्हणते स्टूल चालेल पण ते स्टूल ठेवायचं कुठं हा प्रश्न आहेच.