पॅरालीगल व्हायचं तर कोणता कोर्स करू?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. धडगाव, साक्री, पारोळा, कुठूनही फोन येऊ दे, प्रश्न एकच असतो: "ताई, पॅरालीगल व्हायचंय, कोणता कोर्स करू?" मी शहाद्यात वकिलांच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे कायद्याच्या कामातली सहायक आहे, म्हणून मला विचारतात.

वकिलाला सनद, म्हणजे वकिली करण्याचा परवाना, लागतो. पॅरालीगलला आपल्याकडे सनद नाही आणि सक्तीची परीक्षाही नाही. त्यामुळे नोकरीची हमी देणाऱ्या एखाद्या संस्थेत मोठी फी भरण्याआधी आपल्या तालुक्यातल्या चार वकिलांना विचारा, की या सर्टिफिकेटवर तुम्ही कोणाला ठेवून घ्याल का. बारावी झालेल्यांसाठी इग्नूचा पॅरालीगल प्रॅक्टिसचा वर्षाचा डिप्लोमा आहे, घरून करता येतो. पदवी झाली असेल तर तीन वर्षांचं एलएलबी का नको, असं मी उलट विचारते. सीईटी देऊन बारावीनंतर पाच वर्षांचंही करता येतं. कोणताही रस्ता धरा, पण टायपिंगची शासकीय परीक्षा द्याच, मराठीची आणि इंग्रजीचीही.

आणखी एक रस्ता आहे आणि त्याबद्दल फार कमी मुली विचारतात. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची पॅरा लीगल व्हॉलंटिअरची, म्हणजे लोकांना कायद्याची मदत मिळवून देणाऱ्या स्वयंसेवकांची योजना 2009 पासून चालू आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. अर्ज मागवले की अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक, कॉलेजची मुलं कोणीही अर्ज करू शकतात. दहावी शिकलेलं असलं तर बरं. निवड झाली की प्रशिक्षण आणि ओळखपत्र मिळतं. काम केलेल्या दिवसाचं मानधन असतं, पगार नसतो. त्यावर घर चालणार नाही, हे मी स्पष्ट सांगते. तरीही शिकायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींची माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. ज्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं, तीच माणसं तुमच्यासमोर येऊन बसतात.

ऑफिसातलं काम हाताखाली राहूनच येतं. बोर्ड, म्हणजे कोर्टातल्या त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी बघणं, तारखा डायरीत चढवणं, नकलेचा अर्ज टाकणं, प्रत्येक प्रकरणाला मिळणाऱ्या सोळा अंकाक्षरी सीएनआर नंबरवरून ई-कोर्टच्या वेबसाइटवर प्रकरण शोधणं, सातबारा आणि फेरफार जुळवून वाचणं. सहा महिने मन लावलं तर जमतं.

खरं कसब मला वाटतं वेगळंच आहे: समोरच्याचं म्हणणं त्याच्या बोलीत ऐकून, काही न गमावता, मराठीत लिहून घेणं. आपल्याकडे पक्षकार अहिराणीत बोलतो, सातपुड्यातला पावरीत नाहीतर भिलीत. कागद मराठीत होतो आणि या दोहोंच्या मध्ये पुष्कळ काही सांडतं.

वनहक्काचा दावा घ्या, म्हणजे कसत असलेल्या जंगलजमिनीवर हक्क मागणं. 2006 च्या कायद्याखाली 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन ताब्यात होती, हे दाखवावं लागतं आणि एका पुराव्यावर भागत नाही. नियमांनी गावातल्या जाणत्या माणसाचा लेखी जबाबही पुरावा मानला आहे, फक्त तो माणूस स्वतः दावेदार नसावा. आता अशा म्हाताऱ्या बाबांना "कोणत्या सालापासून?" विचारलं तर ते साल सांगत नाहीत. ते म्हणतात, मोठा दुष्काळ पडला त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यात दावेदाराच्या बापाने तिथे पहिल्यांदा पेरलं, तेव्हा दावेदाराची थोरली बहीण रांगत होती. घाईतला माणूस लिहितो, "अनेक वर्षांपासून कसत आहेत." झालं, पुरावा गेला. तुम्ही थांबून विचारायचं: मोठा दुष्काळ म्हणजे 1972 चा का? पेरलं काय होतं? शेजारी तेव्हा कोण कसत होतं? ती थोरली शाळेत गेली असेल, तर तिच्या दाखल्यावर जन्मतारीख सापडते आणि जबाबाला आधार मिळतो. हे सगळं त्यांच्या शब्दांत लिहायचं, मग त्यांच्या बोलीत वाचून दाखवायचं आणि त्यांनी हो म्हटल्यावरच अंगठा घ्यायचा. वाचून न दाखवता अंगठा घेणं मला अजिबात खपत नाही.

म्हणून धडगावची पावरी बोलणारी मुलगी "माझं इंग्रजी कच्चं आहे" म्हणत मागे सरते, तेव्हा मला वाईट वाटतं. इंग्रजी शिकता येईल, पुण्या-मुंबईच्या फर्ममध्ये जायचं तर शिकावंच लागेल. पण तिच्याजवळ जे आहे ते शहरातून आलेल्या हुशार वकिलालाही सहजी मिळत नाही.

हद्द मात्र ओळखा. कोर्टात उभं राहून पक्षकाराची बाजू मांडणं हे वकिलाचं काम. सनद नसताना वकिली केली तर 1961 च्या अधिवक्ता कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. आणि कोणाच्या जुन्या नोट्स घेऊ नका, कारण 1 जुलै 2024 पासून फौजदारीचे तिन्ही कायदे बदलले आणि कलमांचे आकडेही बदलले.

कोर्स ठरवण्याआधी आठवडाभर आपल्या तालुक्याच्या कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा. काही प्रकरणं बंद दाराआड चालतात, ती सोडली तर कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. साक्षीदार काय बोलतो आणि त्यातलं कागदावर काय उतरतं, तेवढं ऐकत राहा. तिसऱ्या-चौथ्या दिवशीही ऐकावंसं वाटलं, तर मला परत फोन करा.