बाईंचा प्रश्न : कुठल्या बाजूला?

स्मरणिकेसाठी लिहा असं पत्र आलं आणि आधी आठवल्या त्या जीवशास्त्राच्या बाई. मैदान, प्रार्थना, गॅदरिंग यांवर बाकीचे लिहितीलच.

लहान आतड्याची पेशी फळ्यावर काढताना बाई आधी दोन बाजू ठरवायच्या : वरची अन्नाकडे, खालची रक्ताकडे. एकदा कुणीतरी ग्लुकोज वाहणारं एकच प्रथिन दोन्हीकडे काढलं. "काहून रे, घेतलेली साखर परत आतड्यातच सांडायची का?" असं म्हणून बाईंनी अख्खा तास त्यावर घालवला. वरच्या पटलात, म्हणजे पेशीच्या आवरणात, एसजीएलटी-१ हे प्रथिन, सोडियमचे २ आयन आणि ग्लुकोजचा १ रेणू जोडीनेच आत घेणारं. खालच्या पटलात ग्लुट-२, ग्लुकोज रक्ताकडे सोडणारं. सोडियम-पोटॅशियम पंपही खालीच : दर एटीपीमागे (हे पेशीचं इंधन) ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. पंपाची बाजू चुकली, तर सोडियम पुन्हा आतड्यातच पडतो आणि सगळा व्यवहार ठप्प होतो. नागपूरच्या मे महिन्यात घरोघरी फुटणाऱ्या ओआरएसच्या पुडीत मिठाबरोबर साखर लागते ती या जोडीमुळेच. सूत्रात लिटरमागे सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल. (मेंदूतलं पाणी स्रवणाऱ्या कोरॉइड प्लेक्ससमध्ये मात्र हा पंप वरच्या बाजूला असतो. बाईंना हा अपवाद फार आवडला असता.)

प्रथिनाला बाजू कळते कशी, हे तेव्हा पुस्तकात नव्हतं. प्रथिन अंतर्द्रव्यजालिकेत घडतं, गॉल्गी पिंडाच्या शेवटच्या टप्प्यावर पोचतं आणि वाटणी बरीचशी तिथे होते. खाली जाणाऱ्या अनेक प्रथिनांच्या शेपटीत टायरोसिन या अमिनो आम्लाची किंवा दोन ल्यूसिनची खूण असते. एपी-१बी हे जुळवणी-प्रथिन टायरोसिनची खूण ओळखून त्यांना योग्य पुटिकेत, म्हणजे वाहतुकीच्या पिशवीत, घालतं. वर जाणाऱ्यांच्या खुणा सैल : साखरेच्या साखळ्या, पटलात रुतणारा जीपीआय हा मेदाचा नांगर. यकृताच्या पेशीत तर वरची काही प्रथिनं आधी खालच्या पटलात उतरतात आणि मग वर आणली जातात. पोचल्यावर पेशींमधले घट्ट सांधे त्यांना दुसऱ्या बाजूला सरकू देत नाहीत.

आमच्या प्रयोगशाळेत हे कुत्र्याच्या मूत्रपिंडाच्या एमडीसीके पेशींवर तपासतात. ०.४ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीवर पेशींचा थर वाढवायचा. २० अंशांवर ठेवला की माल गॉल्गीतच अडतो, ३७ वर नेला की सुटतो. मग बर्फावर एकाच बाजूने बायोटिन, म्हणजे पटलातल्या प्रथिनांना चिकटणारी खूण, लावायचं. बर्फ नसेल तर पेशी पटलातली प्रथिनं आत ओढून घेतात. द्रावणात ट्रिस (आम्लता स्थिर ठेवणारं रसायन) असेल तर बायोटिन त्यालाच चिकटतं. कॅल्शियम कमी पडलं की सांधे उसवतात, बायोटिन पलीकडे झिरपतं आणि प्रत्येक प्रथिन दोन्ही बाजूंना दिसू लागतं. म्हणून आधी थराचा विद्युतरोध मोजायचा, सांधे उसवले की तो उतरतो. नवीन मुलं नेमकं हेच टाळतात, आणि मग बाईंचाच प्रश्न त्यांना विचारावा लागतो.

आता शाळेत स्मार्ट बोर्ड आलाय म्हणतात. त्यावरच्या चलचित्रांत प्रथिनं सरळ जाऊन जागेवर बसतात, अडलेलं किंवा भलतीकडे गेलेलं एकही नसतं. बाईंच्या तासाला पुसून पुन्हा काढण्यातच अर्धा खडू संपायचा आणि त्यातच कळायचं. उंदराच्या आतड्याच्या छेदाच्या काचपट्ट्या शाळेकडे पाठवतो आहे. ४०च्या भिंगाखाली पेशींच्या वरच्या कडेची ब्रश-किनार (बारीक केसांसारखी झालर) स्पष्ट दिसते. सूक्ष्मदर्शकांचे आरसे आणि भिंगं धड आहेत ना, तेवढं कार्यालयाने आधी कळवावं.